मोरीतला ट्रॅप बसवण्याचा क्रम: सोलापूरच्या घरांत ओल येऊ नये म्हणून

खालच्या खोलीच्या छताला ओलीचा डाग उमटला की पहिला संशय पाईपवर जातो. प्लंबर येतो, पाईप उघडा करतो आणि बहुतेक वेळा पाईप कोरडाठाक निघतो. पाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीच्या जाळीखाली बसवलेल्या आणि थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याच्या, आतून नव्हे, त्याच्या अंगाबाहेरून उतरलेलं असतं. पीव्हीसीचा ट्रॅप गुळगुळीत, सिमेंट सुकताना आक्रसतं, दोघांत केसाएवढी फट पडते आणि रोजच्या आंघोळीचं पाणी त्या फटीतून कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरात, मुरत राहतं.

एका मोरीवर चार माणसं वेगवेगळ्या दिवशी हात लावतात. प्लंबर अंदाजाने ट्रॅप ठेवून जातो. गवंडी कोबा ओततो. वॉटरप्रूफिंगवाला ट्रॅपपाशी ब्रश थांबवतो, कारण आत सिमेंट पडलं तर प्लंबर ओरडेल. शेवटी फरशीवाला येतो आणि मसाला कमीजास्त करून ढाळ काढायला बघतो. ट्रॅपभोवतीचा वीतभर गोल कुणाच्याच कामात येत नाही, आणि गळती नेमकी तिथेच होते. म्हणून क्रम घरमालकाने स्वतः हातात ठेवायचा. खाली दिलेला क्रम बाथरूम, धुण्याची जागा आणि स्वयंपाकघरामागची मोरी या सगळ्यांना लागू आहे.

तयारी: आधी पाण्याचा वार बघा

सोलापुरात अनेक भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. या कामाला पाणी दोनदा भरपूर लागतं, एकदा कोब्याच्या क्युरिंगला (म्हणजे तो ओला ठेवायला) आणि एकदा चाचणीला. ५ फूट बाय ४ फुटांच्या बाथरूममध्ये २ इंच पाणी साठवायचं तर साधारण ९५ लिटर लागतं, म्हणजे २०० लिटरचं जवळजवळ अर्धं बॅरल. चाचणीच्या दिवशी बॅरल रिकामं असलं की "चाचणी राहू दे, फरशी लावून टाकू" असं ठरतं. मी बघितलेल्या बिघडलेल्या मोऱ्यांमध्ये हे कारण वारंवार निघालं आहे. कामाचं वेळापत्रक तुमच्या भागातल्या पाण्याच्या वारावर बसवा.

दुसरी घाई गड्ड्याच्या यात्रेची. जानेवारीत पाहुणे येणार म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाथरूम फोडायला घेतलं, तर सुकायला लागणारे दिवस कापले जातात. खालचे सगळे टप्पे धरून अडीच ते तीन आठवडे हाताशी ठेवा.

सामान आणताना तीन गोष्टी बघून घ्या.

पाईप एसडब्ल्यूआर (सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा) हवा, त्यावर आयएस १३५९२ आणि टाइप बी असा छाप हवा. टाइप ए हा वेंट (हवा जाण्याचा पाईप) आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो, सांडपाण्याला टाइप बी. शेतावरचा उरलेला पीव्हीसी पाईप घरच्या मोरीला लावलेला मी कितीदा बघितला आहे. त्याची फिटिंग या ट्रॅपला नीट बसत नाही आणि जोड सिमेंटने लिंपून भागवला जातो.

ट्रॅपमध्ये किमान ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे. या साठलेल्या पाण्याला वॉटर सील म्हणतात आणि तेच गटाराचा वास व झुरळं अडवतं. दुकानात ट्रॅपमध्ये पाणी ओतून पट्टीने मोजा. कमी उंचीचा ट्रॅप सोयीचा म्हणून खपवला जातो, पण त्यातलं सील इंचभरही नसतं.

बेसिन किंवा वॉशिंग मशीनचं पाणी याच ट्रॅपला जोडायचं असेल तर बाजूला तोंडं असलेला मल्टी फ्लोअर ट्रॅप घ्या. मशीन पाणी एकदम सोडतं, ते जाळीवरून सोडलं तर खोलीभर पसरतं.

१. जागा ठरवा

ट्रॅप दारापासून लांबच्या बाजूला, आंघोळ जिथे होते त्याच्या जवळ असावा. भिंतीपासून किमान ४ इंच सोडा, म्हणजे फरशीचा काप नीट बसतो आणि साफ करताना हात आत जातो. बादली किंवा मशीन कायमची ज्या जागी राहणार तिथे ट्रॅप नको. जाळी झाकली गेली की ती कुणी उचलत नाही.

कोरड्या खोलीत "असू दे एखादा" म्हणून ट्रॅप ठेवू नका. ज्या ट्रॅपमध्ये आठवड्यात एकदाही पाणी पडत नाही त्याचं सील उडून जातं. मात्र पाण्याची बॅरलं जिथे भरली जातात तिथे ट्रॅप हवाच. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी नळाला पाणी मध्यरात्री आलं, बॅरल भरून वाहिलं आणि सकाळपर्यंत पाणी कपाटाखाली गेलं. धुण्याच्या जागेत ट्रॅप होता, पण आजूबाजूच्या फरशीपेक्षा अर्धा इंच उंच. प्लायवूडचं कपाट फुगलं, त्याची दारं परत लागलीच नाहीत.

२. पातळीचा हिशेब कागदावर मांडा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. हिशेब वरून खाली करायचा.

बाहेरच्या खोलीची तयार फरशी शून्य धरा. बाथरूमची फरशी दारापाशी १५ मिमी खाली. तिथून ट्रॅपपर्यंत दर मीटरला १० ते १५ मिमी ढाळ, म्हणजे दर ४ फुटांना अर्धा ते पाऊण इंच. सर्वांत लांबचा कोपरा ट्रॅपपासून ५ फूट असेल तर साधारण २० मिमी. जाळीची पातळी झाली ३५ मिमी खाली. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून ३० मिमी धरला, तर ट्रॅपचं तोंड शून्यापासून ६५ मिमी खाली आलं पाहिजे.

हा आकडा भिंतीवर लिहा. शून्याची रेघ चारही भिंतींवर पाण्याच्या लेव्हल ट्यूबने मारून घ्या. डोळ्याने किंवा जुन्या फरशीवरून मारू नका, जुनी फरशी सरळ असेलच असं नाही.

*तपासा:* ट्रॅपच्या तोंडापासून पाईप जिथे भिंतीबाहेर पडतो तिथपर्यंत उतार मिळतोय का? ७५ मिमीच्या पाईपला दर ४ फुटांना १ इंच उतार धरा. सनकेन म्हणजे बाथरूमसाठी मुद्दाम खाली घेतलेला स्लॅब; त्याच्या खोलपणात ट्रॅपची उंची आणि हा उतार दोन्ही बसले पाहिजेत. बसत नसतील तर ट्रॅप बाहेरच्या भिंतीजवळ सरकवा. पाईपचा उतार कमी करून मार्ग काढू नका.

३. सनकेनच्या तळाची पहिली वॉटरप्रूफिंग

प्लंबरला बोलावण्याआधी हे काम व्हायला हवं. पाईप पडल्यावर त्याच्या खाली ब्रश जात नाही.

सनकेन झाडून, घासून स्वच्छ करा. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्याला सिमेंट-वाळूची गोलसर वाटा मारा, कारण काटकोनात कोटिंग तडकतं. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट कोटिंगचे दोन हात द्या, पहिला उभा आणि दुसरा आडवा. भिंतीवर ते तयार फरशीच्या वर किमान १ फूट गेलं पाहिजे.

सनकेनच्या सर्वांत खालच्या जागेतून बाहेरच्या भिंतीपार एक बारीक पाईप काढून ठेवा. वरून कधी पाणी मुरलं तर ते कोब्यात साठून खालच्या छतात न उतरता बाहेर ठिबकेल, आणि गळती सुरू झाल्याचं तुम्हाला आधीच कळेल. हा पाईप कुठल्याही सांडपाण्याच्या लाइनला जोडायचा नाही.

४. पाईप आणि ट्रॅप

आता प्लंबर. पाईपचं टोक सरळ कापा, कडा कानशीने उतरवा आणि कोरडं जोडून सगळं एकदा मांडून बघा. कोब्यात कायमचे गाडले जाणारे जोड सॉल्व्हंट सिमेंटचे ठेवा. बाहेरच्या भिंतीवरचे उभे पाईप मात्र रबर रिंगचे हवेत. आपल्याकडच्या उन्हात हे महत्त्वाचं आहे. ३ मीटरचा पीव्हीसी पाईप ३० अंशांच्या फरकाने साधारण ५ ते ७ मिमी लांबतो. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिल-मे महिन्यांत हे रोज घडतं. रिंगमध्ये पाईप पूर्ण आत ढकलून मग १० मिमी मागे ओढून ठेवा, म्हणजे लांबायला जागा राहते. ती जागा नसेल तर ताण थेट भिंतीतल्या जोडावर येतो.

संडासाची ११० मिमीची लाइन वेगळी न्या, मोरीच्या ट्रॅपला तिचा संबंध येऊ देऊ नका. ट्रॅपच्या पुढे त्याच लाइनवर घरात दुसरा ट्रॅपही लावू नका. दोन सीलांच्या मध्ये हवा अडकते आणि पाणी गुडगुड करत हळूहळू उतरतं. काटकोनात वळण आवश्यकच असेल तर झाकणाचा बेंड वापरा आणि झाकण बाहेरून उघडता येईल अशा बाजूला ठेवा.

ट्रॅप बसवताना त्याचं तोंड भिंतीवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवा. तोंडावर स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी ठेवा, कारण कलंडलेल्या ट्रॅपमधलं सील एका बाजूला कमी होतं. खाली विटांचे तुकडे ठेवून तसाच सोडू नका. चारही बाजूंनी मसाल्याची बैठक द्या, नाहीतर कोबा ओतताना मजुराचा पाय पडून तो हलतो. तोंडाला प्लास्टिकचं झाकण किंवा गोणपाटाचा घट्ट बोळा लावा आणि चाचणी व कोटिंगची वेळ सोडली तर फरशी होईपर्यंत काढू नका.

*तपासा, झाकण्याआधी:* बाहेरच्या टोकाला प्लग लावा, ट्रॅप तोंडापर्यंत भरा आणि २ तास थांबा. प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. त्यानंतर सगळ्या पाईपचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतात.

५. ट्रॅपभोवतीचा गोल

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. काम अर्ध्या तासाचं आहे.

ट्रॅपच्या बाहेरच्या अंगाला खरखरीत पॉलिशपेपर मारा. त्यावर सॉल्व्हंट सिमेंटचा हात द्या आणि ओला असतानाच वरून कोरडी, चाळलेली वाळू भुरभुरवा. वाळल्यावर ट्रॅपचं अंग खडबडीत होतं आणि सिमेंट त्याला धरतं. स्लॅबमधून किंवा भिंतीतून पाईप आरपार जातो तिथेही हेच करा.

ट्रॅपभोवती कोबा भरताना त्याच्या तोंडालगत इंचभर रुंद, इंचभर खोल खाच मोकळी सोडायला सांगा. कोबा सुकल्यावर ही खाच न आक्रसणाऱ्या ग्राउटने भरायची. साध्या सिमेंटने भरली तर पुन्हा तीच केसाएवढी फट पडेल.

सावधान: जुनी मोरी फोडून ट्रॅप बदलत असाल तर स्लॅबमध्ये हातोडा-छिन्नीने भोक मोठं करू नका. कोअर कटिंग मशीनने हवं तेवढंच गोल भोक पाडून घ्या. बीमला हात लावायचा नाही. गावठाणातल्या जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर नवी मोरी काढायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागा दाखवा. कोब्याचं आणि पाण्याचं वजन त्या लाकडांनी पेलायचं असतं.

६. कोबा आणि ढाळ

ढाळ कोब्यातच द्यायचा. फरशीच्या मसाल्यात जाडी बदलून दिलेला ढाळ वरून बरोबर दिसतो, पण झिरपलेलं पाणी खालच्या सपाट कोब्यावर थांबून राहतं. पांढरे क्षार सांध्यांतून वर येतात ते यामुळेच.

ट्रॅपच्या तोंडापासून चारही कोपऱ्यांपर्यंत दोऱ्या ताणा आणि दोरीखाली मसाल्याचे ठिपके लावून घ्या. गवंडी त्या ठिपक्यांना धरून कोबा ओढेल. विटांचे तुकडे आदल्या दिवशी भिजवलेले हवेत. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. सात दिवस क्युरिंग करा. मार्च ते मे या महिन्यांत दिवसातून एकदा पाणी मारून भागत नाही, ओली पोती अंथरून ठेवा.

*तपासा:* एक तांब्या पाणी प्रत्येक कोपऱ्यात ओता. पाणी न अडता तोंडापर्यंत आलं पाहिजे. जिथे थबकेल तिथे खडूने गोल करा आणि गवंड्याला त्याच दिवशी दाखवा.

७. दुसरी वॉटरप्रूफिंग, ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत

खाच भरून झाल्यावर कोब्यावर पुन्हा दोन हात कोटिंग. दोन गोष्टी वॉटरप्रूफिंगवाल्याला समोर उभं राहून सांगा. पहिली, कोटिंग ट्रॅपच्या काठावर थांबवायचं नाही. काठावरून आत इंचभर उतरवायचं, आणि काठाभोवती फायबरची जाळी पहिल्या हातात बसवून वरून दुसरा हात द्यायचा. दुसरी, दाराच्या उंबऱ्याखालूनही कोटिंग न्यायचं. उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी आधी बसवली तर ते शक्य होत नाही आणि पाणी पट्टीखालून बाहेरच्या खोलीत जातं. दाराच्या चौकटीचे पाय कुजलेले दिसले तर समजा, चूक इथे झाली आहे. शॉवरच्या भिंतीवर कोटिंग ६ फुटांपर्यंत घ्या.

कोटिंग पुरतं वाळल्यावर चाचणी घ्या. ट्रॅपचं तोंड प्लगने बंद करा, दारात मसाल्याचा तात्पुरता बांध घाला, २ इंच पाणी साठवा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारून ४८ तास ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी उडूनही जातं, म्हणून त्याच बाथरूममध्ये एका परातीत पाणी भरून तिलाही रेघ मारा. दोन्हीकडे सारखंच पाणी घटलं तर ते हवेत गेलं. बाथरूममध्ये जास्त घटलं तर ते कोब्यात गेलं. दोन्ही दिवस खालच्या मजल्यावर जाऊन छत हाताने चाचपा, खालच्या बिऱ्हाडालाही सांगून ठेवा.

पाणी घटलं तर फरशीवाल्याला थांबवा. एका दिवसाची मजुरी गेली तरी चालेल, फरशी लागल्यावर तीच दुरुस्ती अख्खी मोरी फोडून करावी लागते.

८. फरशी आणि जाळी

मोठी फरशी चारही बाजूंनी एकाच बिंदूकडे वाकत नाही. १ फूट बाय १ फुटाची अँटीस्किड टाइल घ्या आणि ट्रॅपभोवतीच्या टाइलला कोपऱ्यांतून तिरपे काप द्या. शहाबादी लावणार असाल तर सांधे नीट भरून घ्या, ट्रॅपभोवतीच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउटच वापरा.

ट्रॅपच्या तोंडावर पाईपचा तुकडा चढवून तो फरशीपर्यंत वाढवू नका. फरशीखाली झिरपलेल्या पाण्याला तो तुकडा बांध घालतो. जाळीची चौकट मसाल्यावर बसवा, खाली तोंड मोकळं ठेवा.

जाळी फरशीपेक्षा २ ते ३ मिमी खाली हवी. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरत असाल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घ्या. जाळी उचलता आली पाहिजे, ती सिमेंटने चिणू नका. पूर्व भागात यंत्रमागाला लागून घर असेल तर कापसाची तूस मोरीत येते आणि साबणाला चिकटून तिचा बोळा होतो. तिथे जाळीखाली काढता येणारी गाळणी ठेवा आणि दर आठवड्याला झटका.

तळमजला आणि काळी माती

तळमजल्यावर सनकेन नसतो, पण जमिनीचा त्रास असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात पुरलेला पाईप त्याबरोबर वरखाली होतो. पाईपच्या चरातली काळी माती काढून मुरूम भरा, अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांत पाणी मारून धुम्मस करा. जोत्याच्या भिंतीतून पाईप नेताना एक माप मोठ्या पाईपचा तुकडा भिंतीत बसवून त्यातून न्या, मधली जागा लवचिक सीलंटने भरा. पाईप भिंतीत घट्ट आवळला असेल तर माती हलली की तो भिंतीलगत तुटतो आणि पाणी पायाशी मुरतं.

बाहेर गल्ली ट्रॅप (घराबाहेर जमिनीत बसवलेला ट्रॅप), मग चेंबर, मग ड्रेनेज लाइन. हद्दवाढ भागात जिथे लाइन पोचलेली नाही तिथे मोरीचं पाणी सेप्टिक टँकमध्ये न सोडता वेगळ्या शोषखड्ड्यात सोडा. काळ्या मातीत पाणी फार हळू जिरतं, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्या आणि जोत्यापासून शक्य तितका लांब ठेवा.

गच्चीचं पावसाचं पाणी या लाइनला कधीही जोडू नका. सप्टेंबरमध्ये जोराचा पाऊस झाला की लाइन तुंबते आणि घाण पाणी घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तळमजल्याच्या जाळीतून, वर येतं. तुमचं घर रस्त्यापेक्षा खाली असेल तर चेंबरच्या आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावा. त्याचं झाकण उघडण्यासारखं ठेवा, झडपेत कचरा अडकला तर ती मिटत नाही.

वापरताना

जाळीवर ॲसिड ओतून साफ करण्याची सवय सोडा. ते सिमेंटचं ग्राउट खातं आणि महिनाभर खपून बंद केलेली वाट पुन्हा उघडतं. जाळी हाताने काढून ट्रॅप ब्रशने घासा.

पुढे कधी खाली डाग दिसलाच, तर फोडण्याआधी वाट शोधा. ट्रॅप बंद करून फरशीवर रंगीत पाणी साठवा आणि एक दिवस थांबा. डाग वाढला तर पाणी फरशीतून किंवा ट्रॅपच्या काठातून जातंय. वाढला नाही तर सगळं कोरडं होऊ द्या, मग फरशी न भिजवता नळीने थेट ट्रॅपमध्ये पाणी सोडा. आता डाग वाढला तर दोष पाईपच्या जोडात आहे.

उन्हाळ्यात गावाला जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही, आणि परत आल्यावर दार उघडताच गटाराचा वास येत नाही.